मोळी, आंघोळ आणि चौथीचा वर्ग

प्राथमिक शाळेत धर्म शिकवावा की नाही, या वादाला आपल्याकडे दर काही वर्षांनी तोंड फुटते. मे २०२४मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला तेव्हाही तेच झाले. पाठांतरासाठी मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय सुचवलेला होता. मनुस्मृतीतील एक श्लोकही मसुद्यात होता. निषेध झाले, त्यांना उत्तरे दिली गेली. दोन्ही बाजू बोलल्या त्या ग्रंथांबद्दल: हा हवा, तो नको. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला धर्म मुळात कळतो कसा, हा प्रश्न मागेच राहिला. त्याचा विचार करायला मराठीत एक उत्तम साधन आहे आणि ते बहुतेकांच्या घरात आहे: 'श्यामची आई'.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९५३च्या अत्र्यांच्या चित्रपटाने ते मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून आपल्या मनात पक्के बसवले. मला मात्र ते आधी धर्मशिक्षणाचे पुस्तक वाटते. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाने ते लिहिले आहे, हे पानोपानी जाणवते. पहिल्याच रात्रीच्या गोष्टीत आजारी आईच्या वतीने श्यामला वडाला प्रदक्षिणा घालायच्या आहेत आणि मुले हसतील म्हणून तो लाजतो. 'थोर अश्रू'मध्ये आंघोळीनंतर पाय मळू नयेत म्हणून तो आईला पदर पसरायला लावतो. आई पदर पसरते आणि मग मन मळू नये याबद्दल बोलते. आधी प्रसंग, मग कृती, शेवटी शब्द, असा हा क्रम आहे. पाठांतरात शब्द आधी येतात आणि प्रसंग अनेकदा येतच नाही.

पण या पुस्तकाची खरी परीक्षा 'देवाला सारी प्रिये' या प्रकरणात होते. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडली आहे आणि ती तिला उचलवत नाही. आई श्यामला हात द्यायला पाठवते. लोक बोलतील या त्याच्या भीतीवर ती उपायही सांगते: घरी जाऊन आंघोळ करणार आहे, असे सांग. श्याम मोळी उचलून देतो आणि घरी येऊन आंघोळ करतो.

गेल्या वर्षी घणसोलीतल्या एका वाचनवर्गात चौथीच्या मुलांपुढे मी ही गोष्ट वाचली. एका मुलीने विचारले, "मोळी उचलणं चांगलं काम होतं ना? मग आंघोळ कशाला?" दुसरा म्हणाला, "घाम आला असेल." मुले हसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र खाली पाहत राहिला. त्याला उत्तर ठाऊक असावे.

या आईची करुणा खरी आहे, आणि विटाळाची चौकट तिने मोडलेली नाही, हेही खरे आहे. देवाला सारी सारखी असतील, तर आंघोळ कोणासाठी? गुरुजी हे लिहीत होते त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि पुस्तक लिहून झाले तेव्हाही मंदिराचे दार उघडलेले नव्हते. आंघोळीचे ते वाक्य गाळणे गुरुजींना सहज शक्य होते. त्यांनी ते ठेवले. आईचे मोठेपण आणि तिची मर्यादा एकाच प्रसंगात राहिली, म्हणूनच घणसोलीतल्या मुलीला प्रश्न सुचला. गोष्ट 'स्वच्छ' करून सांगितली असती, तर तो प्रश्न आलाच नसता आणि मागच्या बाकावरचा मुलगा एकटा पडला असता.

कायद्याची रेषाही साधारण इथूनच जाते. राज्यघटनेच्या कलम २८नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत त्यासाठी पालकांची संमती लागते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'धर्माचे शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' असा फरक केला. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नसल्याचे सांगितले. म्हणजे शाळेत धर्माविषयी बोलायला बंदी नाही. मुलाकडून श्रद्धा वदवून घ्यायला आहे. 'आंघोळ कशाला?' हा प्रश्न रेषेच्या अलीकडचा आहे.

तरी केवळ 'श्यामची आई'वर भागणार नाही. श्यामच्या घरात धर्म एकच आहे, आणि मोळीवाली त्या घराबाहेरच राहते. नवी मुंबईतल्या वर्गात आगरी-कोळी गावठाणातली मुले असतात, मराठवाड्यातून आणि उत्तरेतून कामासाठी आलेल्यांची असतात. बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती असतात. या वर्गाचे चित्र जोतीराव फुल्यांनी आधीच काढून ठेवले आहे. १८९१मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी अशा कुटुंबाची कल्पना केली आहे, जिथे बायको, नवरा, मुलगी आणि मुलगा आपापल्या पटीप्रमाणे वेगवेगळे धर्म स्वीकारतात आणि तरी एका छपराखाली प्रेमाने राहतात. हे घर गोष्टीसारखे रंगत नाही, कारण फुले प्रसंग रंगवत नाहीत, तत्त्व मांडतात. लहान मुलांना शिकवायची रीत गुरुजींकडून घ्यावी आणि वर्गात कोण कोण बसले आहे याचे भान फुल्यांकडून.

गुरुजींनी स्वतः त्या आंघोळीचा हिशेब पुढे चुकता केला. मे १९४७मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले, आणि ते दार उघडले. आईने सांगितलेल्या गोष्टीतले अर्धे राहिलेले वाक्य मुलाने चौदा वर्षांनी पूर्ण केले. 'श्यामची आई' मुलांना देताना ही पुढची गोष्टही द्यायला हवी. त्या मुलीला मी ती पुढच्या आठवड्यात सांगितली. मागच्या बाकावरचा मुलगा तेव्हा पुढे येऊन बसला होता.