टोंकदार कमान व बार्शीटाकळीचा शिलालेख

विसाव्या शतकाच्या आरंभीचें एखादें कॅथलिक शाळागृह टोंकदार कमानींचें दिसलें, कीं वर्णनकार त्यास 'गॉथिक' म्हणून मोकळे होतात. ही घाई आम्हांस मान्य नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या (स्थापना १८६९) इमारतीस तें नांव देण्यास हरकत नसावी. तिचा सबंध दर्शनी भागच त्या वळणाचा आहे. परंतु मूळ गॉथिक बांधणींत कमान, फांसळ्यांचें दगडी छत आणि भिंतीस बाहेरून दिलेले धिरे हीं एकमेकांचा भार वाहतात. नुसती कमान वऱ्हाडास नवी नव्हे. नरनाळ्याच्या महाकाळी दरवाजाची कमान १४८७ ची, म्हणजे ह्या शाळांच्या चारशें वर्षें आधींची आहे! तेव्हां शाळेची कमान कोणत्या परंपरेची, हें तिची आंखणी व दगडांचे सांधे तपासल्यावांचून ठरवूं नये.

बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या देवळासही अशाच घाईनें 'हेमाडपंती' म्हणतात. त्यांतील शिलालेख शके १०९८ चा. हेमाद्रि पंडित तर महादेव व रामचंद्र यादवांचा करणाधिप, सुमारें शतकानंतरचा. तेथें निदान शिलालेखानें साक्ष दिली. शाळागृहांच्या गवंड्यांच्या हिशेबाचे कागद वा नकाशे कोणा संग्राहकाजवळ असतील, तर ते आधीं उजेडांत यावे. शैलीचें नांव मागून ठरवितां येईल.