प्रतिमालेखन, ख्रिस्ती
प्रतिमालेखन, ख्रिस्ती : (आयकॉन). पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संप्रदायातील, उपासनेसाठी लाकडी फळीवर ख्रिस्त, मेरी, संत व बायबलमधील प्रसंग रंगविण्याची कला. ग्रीक व रशियन भाषांत लिहिणे आणि चितारणे यांसाठी एकच क्रियापद आहे. संस्कृत ‘लिख्’ धातूलाही हे दोन्ही अर्थ असल्याने ‘प्रतिमालेखन’ ही संज्ञा येथे योजिली आहे. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो, आराधना मात्र केवळ ईश्वराचीच, असा निर्णय निसीआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने (७८७) दिला. तथापि बायझंटिन साम्राज्यातील प्रतिमाभंजनाचा वाद ८४३ मध्येच मिटला.

फळीवर कापड चिकटवून त्यावर खडू व सरस यांच्या मिश्रणाचे थर देतात. ते घासून गुळगुळीत केल्यावर रेखांकन, सोन्याचा वर्ख व नंतर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग असा सर्वसाधारण क्रम असतो. गडद छटेवर उजळ छटा चढवीत गेल्याने चेहऱ्यावरील प्रकाश बाहेरून न पडता आतून उमलल्यासारखा भासतो. शेवटी नाव लिहितात. त्याविना प्रतिमा अपुरी मानतात. चित्रकाराने प्रार्थना, उपवास व संयम पाळावा, असा दंडक असे. स्वतःची स्वाक्षरी तो सहसा करीत नसे.

परंपरेच्या या बंधनामुळे प्रतिमालेखनास निव्वळ नकलेची कला मानण्याकडे कल दिसतो, आंद्रेई रुबल्यॉव्हच्या (सु. १३६०–सु. १४३०) त्रयी या चित्रापुढे हे मत टिकत नाही. अब्राहामाकडे आलेल्या तीन देवदूतांचा हा प्रसंग पूर्वापार यजमान, त्याची पत्नी सेअरा व भोजनाची सिद्धता यांसह रंगवीत. रुबल्यॉव्हने हा सारा परिवार वगळला. केवळ तीन आकृती व मेजावरील एक पात्र ठेवले. मेजाची पुढची बाजू मोकळी आहे, आणि व्युत्क्रम यथादर्शनामुळे पाहणाऱ्यालाच तेथे जागा मिळते. मॉस्कोच्या १५५१ च्या परिषदेने चित्रकारांना रुबल्यॉव्हचा आदर्श घालून दिला. साय्‌मन उशाकॉव्हने १६७१ मध्ये हीच रचना घेतली. परंतु छायाप्रकाशाने चेहऱ्यांना मांसलता आली, मेज भांड्यांनी भरले, मागे पाश्चात्त्य धर्तीची कमान उभी राहिली आणि मूळची निःशब्दता हरपली. कौशल्य वाढूनही चित्र उणे व्हावे, याचे हे बोलके उदाहरण होय.

रोगणाचे तेल काळवंडत असल्याने जुन्या प्रतिमा वारंवार पुन्हा रंगविल्या जात. धातूच्या आवरणाखाली दडलेल्या त्रयीची स्वच्छता १९०४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा निळा रंग उजेडात आला. १९२९ मध्ये हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकॉव्ह कलावीथीत गेले. उपासनेची वस्तू वस्तुसंग्रहालयात निष्प्राण होते, हा धर्मनिष्ठांचा आक्षेप समजण्याजोगा आहे. पण मेणबत्त्यांची काजळी व बदलते हवामान यांनीच ती पूर्वी झाकोळली होती, हेही विसरता येत नाही. चित्राची नाजूक अवस्था दाखवून तज्ज्ञांनी त्याच्या स्थलांतरास विरोध केला. तरीही ते २०२३ मध्ये चर्चच्या स्वाधीन झाले आणि जून २०२४ मध्ये सेर्गियेव्ह पोसाद येथील मूळ मठात नेण्यात आले.