न दिसणारं काम : हॉट रॉड आणि बंडी

हॉट रॉड हा शब्द झरी जामणी तालुक्यात रोज कानावर पडणारा नाही, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात 1930 च्या दशकात तरुण पोरं जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घेत. मडगार्ड काढून टाकत, इंजिन सुधारत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात त्या पळवत. वजन कमी, वेग जास्त, एवढाच हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाची रीतसर कला झाली. 1932 सालची फोर्ड ही तिच्यातली लाडकी गाडी.

आपल्याकडे याला वाव थोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पण नातेवाईक शोधायचा तर शंकरपटाची गाडी बघा. शेतीच्या बंडीतलं जे जे नडतं ते काढलं, धुरकऱ्यापुरती जागा ठेवली, की झाली पटाची गाडी. विचार तोच.

आमचा प्रश्न असा, की अशा कामाची पारख करायची कशी? प्रदर्शनात नजर आधी रंगावर जाते. ज्वाळांची चित्रं, चकाकणारं क्रोम. त्यात वाईट काही नाही, पण जाणकार दुसरीकडे बघतो. छत खाली आणण्याचं काम घ्या. छताचे खांब कापून मधले दोन-तीन इंच काढायचे. ऐकायला सोपं आहे. पण खांब तिरपे असतील तर मधला तुकडा काढल्यावर वरचा भाग खालच्यासमोर येतच नाही. मग छत ताणायचं, की खांब कलते करायचे? काच किती उंच ठेवायची? हे सगळं नीट जमलं, की बघणाऱ्याला वाटतं, गाडी कारखान्यातून अशीच आली असणार. म्हणजे बघा, काम जितकं उत्तम, तितकं ते नजरेआड जातं.

बंडीच्या चाकाचंही तसंच. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. ती आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. हे ‘किंचित’ म्हणजे किती? जास्त आवळली तर आरे वाकतात, सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव निघते. सगळी विद्या त्या ‘किंचित’मध्ये आहे आणि चाक बघून ती दिसत नाही.

कांटने 1790 च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार केले, स्वतंत्र आणि परतंत्र. फूल सुंदर वाटायला ते कशासाठी आहे हे कळावं लागत नाही. घोडा किंवा इमारत यांच्या बाबतीत मात्र वस्तू काय असायला हवी याची कल्पना मनात असावी लागते. चाक आणि गाडी या दुसऱ्या प्रकारात येतात. त्यांचं सौंदर्य बघायला नुसते डोळे पुरत नाहीत, माहितीही लागते.

इथे हॉट रॉडच्या जगावर आमचा एक आक्षेप आहे. तिथे 1950 पासून सर्वांत सुंदर रोडस्टरला मोठा किताब देतात. प्रदर्शनांत गाडीखाली आरसे ठेवण्याची रीत आहे, पोटाखालचं कामही दिसावं म्हणून. कष्ट लोकांपुढे यावेत, हे ठीक. पण मग कारागीर आरशासाठी काम करू लागतो. रस्त्यावर कधी न जाणाऱ्या गाडीचा खालचा नटही चकाकतो. हा बारकावा गाडीला लागत नाही, परीक्षकाला लागतो. आमच्या मते तो बारकावा नव्हे, ती नक्षीच.

उलट जू घ्या. मानेवर टेकणारी बाजू सुताराने किती घासून गुळगुळीत केली, हे बघ्यांना कळत नाही. ते बैलाच्या मानेला कळतं आणि बैल बोलत नाही. शंकरपटाच्या शर्यतींना 18 मे 2023 रोजी न्यायालयाने कायद्याची मान्यता कायम ठेवली, पण बैलाचं दुःख कायद्याने संपत नसतं. तिथे सुताराचा हात हीच नीती ठरते.

आज मुकुटबनच्या रस्त्यावर सिमेंटचे ट्रक धावतात आणि बंडीला रबरी टायर आले. त्याचं रडगाणं आम्ही गाणार नाही. टायरने बैलाचं ओझं हलकंच केलं. काळजी वेगळी आहे. चाक घडवणारा गेला तर कदाचित दुसरा शिकेल. पण ‘धाव जरा जास्त आवळली’ असं सांगणारा गिऱ्हाईक गेला, तर शिकणाऱ्याला चूक दाखवणार कोण? म्हणून एक विनंती. यापुढे घडवलेली वस्तू हाती आली, तर ‘छान आहे’ म्हणून थांबू नका. यातून काय काढलं, जोड कुठे आहे आणि तो तिथेच का, हे करणाऱ्याला विचारा. तो सांगेल. बहुतेकांना हे कोणी विचारलेलंच नसतं.