सावित्रीची परतीची वाट

ज्येष्ठी पौर्णिमेला येवल्यातल्या आमच्या गल्लीत हातमाग जरा उशिरा सुरू होतात. पैठणी विणणाऱ्या घरांतल्या बायका आधी वडाला सूत गुंडाळून येतात, तिथे सावित्रीची कहाणी होते, आणि मग दिवस कामाला लागतो. ही कहाणी मी लहानपणापासून ऐकत आलो. पण तीन वर्षांपूर्वी मनमाडच्या रस्त्यावर माझी पत्नी दुचाकीवरून पडली आणि तिच्या डोक्याला मार बसला, तेव्हापासून ती मला निराळी ऐकू येते. गाडी मी चालवीत होतो. डॉक्टरांनी जीव वाचवला. ‘जीव वाचला’ हे शब्द मला तेव्हा कथेचा शेवट वाटले होते. तो शेवट नव्हता, हे पुढे कळले. आणि आपल्या वाङ्मयाने मला ते आधी का सांगितले नाही, या प्रश्नातून हा लेख निघाला आहे.

आपल्या कीर्तनकारांनी, नाटककारांनी आणि टीकाकारांनीही सावित्रीकथेचे मर्म यमाशी झालेल्या संवादात पाहिले आहे. बुद्धिमती स्त्री, एकामागून एक मिळवलेले वर, शब्दांत सापडलेला मृत्युदेव! प्रसंग नाट्यपूर्ण आहे यात वाद नाही. परंतु महाभारताच्या वनपर्वात यम निघून गेल्यावर कथा थांबत नाही, आणि सहृदय वाचकाने थांबावे ते नेमके तिथे.

सत्यवानाचा शेवट डोक्याच्या दुखण्याने आला होता. लाकडे तोडताना कोणी मस्तकात शूळ खुपसावेत तशी वेदना झाली, आणि सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवून तो निजला. परत शुद्धीवर येतो तेव्हा तो तिच्याकडे पुनःपुन्हा पाहतो, दूरच्या प्रवासाहून घरी आलेल्या माणसासारखा. मला ओढून नेणारा तो सावळा पुरुष कोण, असे विचारतो. आता सावित्री काय करते? नुकतीच यमाला जिंकून आलेली ही स्त्री आपला पराक्रम सांगत बसत नाही. घडले ते उद्या सांगेन, असे म्हणते. चालवत नसेल तर रात्र इथेच काढू, विस्तव पेटवते, असेही सुचवते. आईबापांच्या काळजीने तो रडू लागतो, तेव्हा त्याचे डोळे पुसते. मग दोन्ही हातांनी त्याला उठवते, फळांची करंडी झाडाच्या फांदीला टांगते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा डावा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते आणि उजव्या हाताने त्याला सावरून चालू लागते.

व्यासांनी हे किती बारकाईने पाहिले आहे! लुळ्या अंगाच्या माणसाला कसे चालवावे, हे ज्याला शिकावे लागले आहे त्याला हा खांदा आणि हा हात ओळखता येतो. करंडी मागे ठेवण्यातही शहाणपण आहे. सगळेच ओझे आज न्यायचे नसते.

आपले नवे वाङ्मय या वाटेने फारसे गेलेले नाही. रंगभूमीवर आणि चित्रपटात डोक्याला मार लागतो तो स्मृती घालवण्यापुरता, आणि दुसरा मार बसला की ती परत येते. वास्तव याच्या उलट आहे. मेंदूतल्या मेलेल्या पेशी बहुधा पुन्हा उगवत नाहीत. शेजारचे भाग त्यांचे काम सरावाने हळूहळू शिकतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते, पण वर्षानुवर्षे चालूही राहते. आणि परतलेला माणूस तोच असतो असेही नाही. अमेरिकेत 1848 साली फिनियस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, चालू-बोलू लागला. पण हा पूर्वीचा गेज नव्हे, असे त्याचे स्नेही म्हणू लागले. आमच्या घरी मीठ हवे असताना तोंडून ‘पाणी’ येते, चूक लगेच कळते, आणि कळते म्हणूनच डोळे भरतात. अशा दुपारींना उत्कर्षबिंदू नसतो. कथाकार त्यांना टाळतात ते बहुधा याच कारणाने.

पतीने पत्नीसाठी काय द्यावे, याची कथा आदिपर्वात आहे. पण तिचे व्रत झाले नाही. लग्न ठरलेल्या प्रमद्वरेला साप चावतो, आणि रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला उठवतो. सावित्रीने वर मागितले. रुरूने वर्षे मोजून दिली. सेवेचा खरा हिशेब या दुसऱ्या मापाचा आहे. पण व्यास रुरूलाही त्यागमूर्ती करून सोडत नाहीत. पुढे तो काठी घेऊन दिसेल त्या सापाला मारत सुटतो, आणि एके दिवशी निरुपद्रवी डुंडुभावर काठी उगारतो. मी तुझे काय केले, असे तो बिचारा विचारतो. हा प्रश्न मलाही ऐकावा लागला आहे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलावर, शेजाऱ्यांवर, आणि एकदा जिच्यासाठी हे सारे चालले होते तिच्यावरच मी शब्दांची काठी उगारली. राग स्वतःवरचा होता.

म्हणून सेवा करणाऱ्याला देवत्व देणारे लेखन मला खोटे वाटते. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला थकता येत नाही, चिडता येत नाही, आणि ज्याची सेवा व्हायची तो तर कथेतून नाहीसाच होतो. सत्यवान बोलतो, शंका विचारतो, आपण कोणत्या वाटेने जायचे तेही सांगतो, हे विसरू नये. पळसाच्या बनापाशी वाट दुभंगते, तेव्हा उत्तरेची धर असे तोच सांगतो. सावरणारी ती आहे. वाट त्याला ठाऊक आहे.

यंदा पत्नी वडापर्यंत चालत गेली. तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता. एक फेरी झाली आणि ती थांबली. बायकांनी उरलेल्या फेऱ्या माझ्याकडून पुऱ्या करून घ्यायचे ठरवले होते. तिने मान हलवून नको म्हटले, आणि घराकडे बोट दाखवले. आम्ही वळलो.