फिर्यादीतली अतिशयोक्ती

अतिशयोक्ती हा अलंकार आहे, हे आपण सारे शाळेत शिकलो. शाहिराने तो वापरला तर आपण मान डोलावतो. पण तोच अलंकार कोर्टाच्या फिर्यादीत अवतरला तर? एक गाजलेली फिर्याद मी साहित्यकृती म्हणून वाचली, तेव्हा हा प्रश्न पडला.

2007 च्या मार्चमध्ये अमेरिकेत वायाकॉम या करमणूक-कंपनीने यूट्यूब व तिची मालक गूगल यांच्यावर ती गुदरली. आमच्या कार्यक्रमांचे दीड लाखांहून अधिक तुकडे परवानगीविना यूट्यूबवर चढले व दीड अब्ज वेळा पाहिले गेले, असे तीत म्हटले होते. भरपाई मागितली एक अब्ज डॉलरांहून अधिक! भागाकार केला, तर दर पाहण्यामागे सुमारे 67 सेंट पडतात.

आमच्या बीड जिल्ह्यात जत्रेच्या तंबूत सिनेमा पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. कनातीखालून डोकावणाऱ्या पोरांना तंबूवाला हाकलून लावी; पण तितकी तिकिटे बुडाली, असे तो वहीत मांडीत नसे. कनात पक्की असती, तरी त्यांतल्या किती पोरांच्या खिशातून पैसे निघाले असते? दीड अब्जाचा आकडा मात्र डोकावणाऱ्या प्रत्येकाला गिऱ्हाईक समजायला लावतो. फिर्यादीचा खरा दोष हा.

शिवाय त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला वायाकॉमने सुमारे एक लाख तुकडे काढण्याची नोटीस दिली, तेव्हा पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जवळजवळ सारे निघाले होते. 2010 मध्ये खालच्या कोर्टाने यूट्यूबच्या बाजूने कौल दिला. 2012 मध्ये वरच्या कोर्टाने प्रकरण परत पाठवले. 2013 मध्ये पुन्हा तोच कौल आला. 2014 च्या मार्चमध्ये तडजोड झाली. अब्जाचा हुकूमनामा काही कधी झाला नाही.

म्हणून चोरी क्षम्य ठरते काय? मुळीच नाही. 2016 साली ‘सैराट’च्या चोरट्या प्रती फिरल्या, चित्रपटाने विक्रमी गल्ला जमवला, तरी ती चोरीच होती. आपल्या 1957 च्या कायद्याचे कलम 55 नुकसानभरपाई आणि चोराच्या नफ्याचा हिशेब, दोन्ही मागू देते. मागणी मात्र हिशेबाने व्हावी. उद्या एखादा गोंधळी आपले चोरलेले गाणे घेऊन न्यायाधीशापुढे उभा राहील. त्याचे नुकसान काही हजारांचे, पण खरे असेल. अब्जांचे आकडे ऐकून विटलेल्या कानांना त्याचा खरा आकडा ऐकू यावा, एवढीच माझी चिंता आहे.