सगळ्या क्लिप्स सारख्याच मोठ्या कशाला?

संशोधनासाठी जात्यावरच्या ओव्यांचा एक डिजिटल संग्रह ऐकतेय. काम मेहनतीचं आहे, पण एक गोष्ट खटकली. प्रत्येक क्लिप वेगवेगळी ‘नॉर्मलाइझ’ केलीय, म्हणजे तिचं सर्वांत उंच टोक एकाच पातळीवर आणलंय. यात क्लिपच्या आतला चढउतार तसाच राहतो. बिघडतं ते दोन क्लिप्समधलं नातं. एकाच बैठकीतली पुटपुटणारी आजी आणि खड्या आवाजाची सून सारख्याच मोठ्या वाटतात. शिवाय आजीची क्लिप ६ डेसिबलने उचलली, की मागच्या घरघरीची लहरही जवळपास दुप्पट होते. तुम्ही असं काम करत असाल, तर एका बैठकीच्या सगळ्या क्लिप्सना एकच गेन द्या आणि मूळ फाइल जपा. कोण हळू गायलं, हीसुद्धा माहितीच आहे ना!