आऱ्हेनियस यांची सक्रियण-कल्पना : एक परीक्षण

तापमान वाढविले असता रेणूंच्या टकरी वाढतात व म्हणून विक्रियेचा वेग वाढतो, असे स्पष्टीकरण क्रमिक पुस्तकांतून आजही आढळते. स्वांटे आऱ्हेनियस यांच्या १८८९ मधील निबंधाच्या कसोटीस ते उतरत नाही. निरपेक्ष तापमान ३०० अंशांवरून ३१० अंशांवर नेल्यास रेणूंची सरासरी गती सुमारे १.६ टक्केच वाढते. उलट, आम्लाच्या सान्निध्यात होणाऱ्या उसाच्या साखरेच्या विघटनाचा वेग तेवढ्याच वाढीने जवळजवळ चौपट होतो. साखरेचे अत्यल्प रेणूच 'सक्रिय' असतात व तापमानाबरोबर त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते, असे गृहीत धरून आऱ्हेनियस यांनी ही तफावत उलगडली.

तथापि या विवेचनात एक उणीव राहते. समीकरणातील घातांकी पदापूर्वीच्या गुणकाचा अर्थ त्यातून कळत नाही. ट्राउत्स (१९१६) व लुईस (१९१८) यांनी तो टकरींच्या वारंवारतेशी जोडला. हायड्रोजन आयोडाइडच्या विघटनास हे गणित लागू पडले. परंतु गुंतागुंतीच्या रेणूंबाबत प्रत्यक्ष वेग कित्येक पटींनी कमी भरला. तेथे मागाहून जोडलेला दिशा-गुणक तुटीची नोंद करतो, तिचे परिमाण आधी सांगू शकत नाही. १९३५ मध्ये आयरिंग यांनी, तसेच इव्हान्स व पोलान्यी यांनी, संक्रमण अवस्थेच्या एन्ट्रॉपीच्या द्वारे त्या गुणकास अर्थ दिला.

सारांश, वेगाच्या मूल्यात टकरींचा वाटा आहेच. परंतु तापमानाने तो किती पालटेल, हे मुख्यतः सक्रियण ऊर्जा ठरविते. अध्यापनात हा भेद स्पष्ट राखणे अगत्याचे आहे.